गाविलगडचा सिंह, रसेलचा सिंह

चिखलदऱ्याला साक्षगंध आटोपलं, बायामाणसं आणि पोरंटोरं देवी पॉइंटकडे निघाली, आणि दोघे इवाई गाविलगडाच्या दिल्ली दरवाजाशी येऊन थांबले. मुलाचे वडील अकोल्याचे, महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त. मुलीचे वडील अचलपूरचे, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झालेले. गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. दोघंही बाबासाहेबांना मानणारे, दोघंही वाचणारे आणि माघार घ्यायला दोघंही तयार नसणारे. मी दोघांनाही नात्यानं लहान, म्हणून माझ्या वाट्याला फक्त ऐकणं आलं.

गुरुजी : सुभेदारसाहेब, जरा मान वर करा. तो दोन तोंडांचा पक्षी दिसतो? चोचींत हत्ती धरलेत बघा. हा गंडभेरुंड. आणि बाजूला सिंह, त्याच्याही पंजाखाली हत्ती. गंडभेरुंड ही विजयनगरची खूण. किल्ला मात्र बहामनी सुलतान अहमदशहानं १४२५ मध्ये उभारलेला. मग विजयनगरचा पक्षी सातपुड्यात येऊन कसा बसला?

सुभेदार : तुमीच सांगा. शाळा तुमची हाय.

गुरुजी : फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क. मूळ विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला. बहामनींच्या लढाईत लहानपणीच पकडला गेला, मुसलमान झाला, चढत चढत वऱ्हाडचा सुभा त्याच्या हाती आला, आणि १४९० मध्ये तो स्वतंत्र होऊन एलिचपूरला, म्हणजे आमच्या अचलपूरला, इमादशाही थाटून बसला. या किल्ल्याची डागडुजी त्यानं करवली. घरची खूण त्यानं इथे कोरून घेतली असं मानतात. तुमच्या अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्याचा महाकाली दरवाजाही त्याच काळातला, १४८७ चा. एकाच दरवाजावर कमळंही आहेत आणि अरबी लेखही आहेत.

सुभेदार : नरनाळ्याले लहानपनी गेल्तो आमी, अकोटावरून. कमळं पाह्यली, अक्षरं काई वाचता आली नाई. पन ह्याच्यात वावगं काय हाय? मानूस जिथं राह्यला, तिथं आपली खूण लावली. किल्ला आपला मानला म्हनूनच लावली ना.

गुरुजी : वावगं काही नाही. हा सिंह वऱ्हाडातच कोरला, वऱ्हाडातच राहिला. मला बोलायचंय ते दुसऱ्या सिंहाबद्दल. कुमाऊँ रेजिमेंटचा टोपीवरचा बॅज तुम्हाला माहीत असेल.

सुभेदार : असेल काय म्हंता? त्यायच्या पलटणीसंगं राह्यलो आमी. अर्धा सिंह हाय. कमरेपासून वर, पंजे उचललेले, अन् पंजात क्रॉस.

गुरुजी : तो क्रॉस धरलेला सिंह कुणाचा?

सुभेदार : कुमाऊँचा. अजून कोनाचा?

गुरुजी : हेन्री रसेलचा. १८११ ते १८२० हा माणूस हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट होता. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली त्यानं १८१३ मध्ये ‘रसेल ब्रिगेड’ उभी केली. तिच्यातून आणि निजामाच्या इतर पलटणींतून पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज झाली. १९०३ मध्ये ती हिंदी लष्करात मिसळली, १९२२ मध्ये तिची एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झाली. नाव बदललं, माणसं बदलली, केंद्र राणीखेतला गेलं. सिंह तसाच राहिला. तो रसेल घराण्याच्या कुलचिन्हातला सिंह आहे.

सुभेदार : अन् ह्यात वऱ्हाड कुठी आलं?

गुरुजी : वऱ्हाडच तर आहे त्यात. या कंटिंजंटचा पगार थकला, निजामावर कर्ज चढलं, म्हणून २१ मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं. अमरावतीला पूर्व वऱ्हाडचं ठाणं, अकोल्याला पश्चिम वऱ्हाडचं, ही सगळी मांडणी त्यानंतरची. आपल्या आजे-पणज्यांनी कापूस-ज्वारीवर जो सारा भरला, त्यातून या फौजेचा पगार निघत होता. परतवाड्याला तिची छावणी होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. त्यानंतर छावणीही उठली आणि फौजही गेली. पण त्या फौजेतल्या ९६ व्या बेरार इन्फंट्रीची आज कुमाऊँची दुसरी पलटण आहे, आणि तिच्या नावाला अजूनही ‘बेरार’ जोडलेलं आहे.

सुभेदार : बाप्पा! पहाडातले पोट्टे अन् नाव बेरार.

गुरुजी : अजून ऐका. चौथी कुमाऊँ. ती आपला जन्म १७८८ चा सांगते, एलिचपूरच्या नवाब सलाबतखानाच्या पलटणीतला. म्हणजे माझ्या गावचा.

सुभेदार : थांबा, थांबा. चौथी कुमाऊँ म्हंजे बडगामवाली? मेजर सोमनाथ शर्मा?

गुरुजी : तीच. ३ नोव्हेंबर १९४७.

सुभेदार : देशातलं पहिलं परमवीर चक्र हाय ते, गुरुजी! उजवा का डावा, एक हात प्लॅस्टरमधी होता त्या मानसाचा, तरी गेला. श्रीनगरचं विमानतळ त्यायच्या कंपनीनं धरून ठेवलं म्हनून वाचलं. सेंटरमधी रंगरूट असताना ही गोष्ट आमाले पाठ करून घेत. अन् ती पलटण अचलपूरची? हे तं सांगतच नाई कोनी.

गुरुजी : कोण सांगणार? माझ्या शाळेतल्या एकाही पुस्तकात ते नव्हतं. म्हणून मी एक पत्र तयार केलंय, संरक्षण मंत्रालयाला. रसेलचा सिंह काढा. ज्या भूमीत पलटण जन्मली, जिनं तिचं पोट भरलं, तिथलं चिन्ह लावा. निदान ‘बेरार’ नाव लावणाऱ्या पलटणीला तरी हा गंडभेरुंड द्या.

सुभेदार : (हसत) गंडभेरुंड! अन् त्या पिथौरागडच्या पोराले कोन समजावून सांगीन हा पक्षी काय हाय ते?

गुरुजी : रसेलचा सिंह तरी कुणी समजावलाय त्याला?

सुभेदार : कोनी नाई. पन त्याले गरजच नाई त्याची. गुरुजी, तुमी चिन्हाकडं दरवाजावरून पाह्यता, मी डोक्यावरून पाह्यतो. रंगरूट सेंटरले येते, तवा त्याच्या टोपीवर काईच नसते. महिन्यामागून महिने उस्ताद त्याले घासते. मंग कसम परेड होते. राष्ट्रध्वज अन् पलटणीचं निशान त्याच्यासमोर आणतात, धर्मगुरू धर्मग्रंथ घेऊन उभे राह्यतात, तो शपथ घेते. त्याच्यानंतर टोपीवर बॅज आला का तो आमचा झाला. आता ह्यो पाहा माझा. मुद्दाम आणला होता, तुमच्या नातवाले दाखवाले.

(त्यांनी खिशातून रुमालाची घडी काढली. आत बॅज होता. तिवईवर बसवलेल्या दोन विकर्स मशीनगन एकमेकींवर तिरप्या, मधोमध उभा खंजीर, खाली रेजिमेंटच्या नावाची पट्टी. वर्षानुवर्षांच्या पॉलिशनं खंजिराची धार आणि पट्टीवरची अक्षरं बोथट झालेली. पाठीमागच्या पिनेला एका बाजूनं दोरा गुंडाळला होता.)

सुभेदार : ह्या तोफा नाईत, मशीनगनी हायत. १९४६ मधी आमची रेजिमेंट मशीनगनची केली होती. १९६३ मधी परत पायदळ झाली. मी भरती झालो १९८६ मधी. विकर्स मी आयुष्यात चालवली नाई, फक्त क्वार्टर गार्डपाशी सजवून ठेवलेली पाह्यली. तरी कोनी मले म्हनलं का ह्या गनी जुन्या झाल्या, काढा, तं मी भांडीन. काऊन? आठव्या महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ ले पडले. परमवीर चक्र. तामिळ मानूस, डोक्यावर हाच बॅज. आमच्या रेजिमेंटमधून दोन लष्करप्रमुख झाले, कृष्णराव अन् सुंदरजी. दोघंबी दक्षिणेकडचे, दोघायबी हाच बॅज लावला. आता ह्या बॅजचा अर्थ त्या गनीत हाय का त्या मानसायमधी?

गुरुजी : माणसांत आहे, मान्य. पण मग हा युक्तिवाद सगळ्यालाच लागू पडतो. ग्रेनेडियर्सच्या बॅजवर पेटता ग्रेनेड आहे आणि त्यावर हॅनोव्हरचा पांढरा घोडा. हॅनोव्हर हे जर्मनीतलं राजघराणं, त्याचे राजे इंग्लंडच्या गादीवर बसले, म्हणून तो घोडा इंग्रजी फौजेत आला आणि तिथून आपल्याकडे. १९६५ मध्ये असल उत्तरला पॅटन रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद चौथ्या ग्रेनेडियर्सचे. गाझीपूरकडच्या शिंप्याचा मुलगा जर्मन राजाचा घोडा डोक्यावर घेऊन मेला! तुम्हाला हे खटकत नाही?

सुभेदार : नाई खटकत. अब्दुल हमीदनं तो घोडा आपला केला. आता तो जर्मन राजाले परत मागता येनार नाई.

गुरुजी : नौदलानं मग काय केलं? २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत नौदलात आली, त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. त्या क्रॉसखाली १९७१ चं युद्ध लढलं गेलं होतं, कराचीवर हल्ला झाला होता. तुमच्या हिशेबानं तो क्रॉसही नौदलानं आपला केला होता. तरी काढला, आणि देशानं टाळ्याच वाजवल्या.

सुभेदार : मीबी वाजवल्या. थांबा, ह्यात फरक हाय. ध्वज देशाचा असते. तो कोनाच्या सत्तेखाली लढता, हे सांगते. तिथं दुसऱ्याचं चिन्ह नाई चालत. १९५० मधी हेच झालं ना. खांद्यावरचा इंग्रजी मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले. राजाच्या नावाची जुनी निशानं डेहराडूनले मिलिटरी अकादमीच्या चेटवुड हॉलमधी इज्जतीनं ठेवून दिली. जाळली नाई, फाडली नाई. ते बरोबरच झालं. आमच्या सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे अन् खाली लाल-पिवळी-लाल फीत. ते दर्जाचं चिन्ह, सरकार देते. पन पलटणीचा बॅज तसा नाई. तो हुकूम कोनाचा हे सांगत नाई, सोबत कोन पडलं हे सांगते. तो बदलाचा तं त्या पलटणीनं बदलावा. अचलपूरच्या गुरुजीनं नाई, अन् अकोल्याच्या सुभेदारानंबी नाई.

गुरुजी : भेद चांगला केलात. पण प्रत्यक्षात पलटणीला विचारतं कोण? वरून ठरतं.

सुभेदार : हे मात्र खरं बोलले तुमी. ह्याचाच घाव हाय मले.

गुरुजी : कसला?

सुभेदार : हा खंजीर पाह्यला ना? इथं खंजीर नव्हता आधी. आमचे आबा १९४२ मधी कामठीले भरती झाले. त्यायच्या बॅजवर ह्या जागी कोरेगावचा स्तंभ होता. १ ऑक्टोबर १९४१ ले बेळगावले पहिली पलटण उभी राह्यली, त्यामागं बाबासाहेबांचा किती जोर होता ते तुमाले ठाऊक हाय. पहिल्या महायुद्धात आमची १११ वी महार पलटण उभी केली अन् लढाई संपल्यावर मोडून टाकली. त्याच्याआधी तं भरतीच बंद होती. म्हनून १९४१ मधी डोक्यावर स्तंभ घेऊन उभं राहनं म्हंजे काय होतं, ते आबा सांगत. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला, खंजीर आला. आबाले कोनी विचारलं नाई. ते अखेरपर्यंत म्हनत, आमचा दगड काढून घेतला.

गुरुजी : मग आज तुम्ही म्हणाल का, खंजीर काढा आणि स्तंभ परत लावा?

सुभेदार : नाई म्हननार. इथंच तं फसलो मी. आबाचं दुःख मले कळते, पन परमेश्वरन साहेब खंजिराखाली गेले. आता खंजीर काढला तं त्यायच्या घरच्यायले तेच वाटीन जे आबाले वाटलं. एक चूक झाली म्हनून दुसरी करा, असं कसं म्हनू?

(गुरुजी थोडा वेळ बोलले नाहीत. बोलले ते खालच्या सुरात.)

गुरुजी : तुमच्या आबांचं मला माहीत नव्हतं. पण तुम्ही ज्याला घाव म्हणता, तोच माझा मुद्दा आहे. चिन्हाला मूळ असतं. मूळ तोडलं की दुखतं.

सुभेदार : मंग मले एक सांगा. तुमी दर १ जानेवारीले कोरेगावले जाता?

गुरुजी : जातो. चुकवत नाही.

सुभेदार : तो स्तंभ कोनी बांधला?

गुरुजी : आलं लक्षात कुठे नेताय ते. ईस्ट इंडिया कंपनीनं बांधला. १ जानेवारी १८१८ ची लढाई, कॅप्टन स्टाँटन, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण. १८२१ मध्ये पाया घातला. कंपनीनं स्वतःच्या विजयाची जाहिरात म्हणून बांधला, हेही कबूल.

सुभेदार : अन् ती पलटण पुढं कोन झाली?

गुरुजी : बॉम्बे ग्रेनेडियर्स.

सुभेदार : म्हंजे तुमच्या घोडेवाल्यायची! लढाईचा मान त्यायच्या खात्यात, स्तंभ आमच्या टोपीवर. वंशावळीचा कागद काढला तं आमचा हक्क काई लागत नाई. बांधनारा इंग्रज, पलटण दुसऱ्याची. तरी तुमी जाता, लाखो लोक जातात. काऊन? त्या दगडावर आपल्या मानसायची नावं हायत म्हनून. मंग रसेलच्या सिंहानं काय घोडं मारलं?

गुरुजी : सांगतो. हा प्रश्न मला माझ्या मुलांनीही विचारलाय, म्हणून उत्तर तयार आहे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले. त्याआधी तो कंपनीचाच स्तंभ होता. त्यांनी तो वाचला. वर कोण जिंकलं हे सोडून खाली कोण मेलं ती नावं वाचली, शेवटी ‘नाक’ असलेली नावं. आणि लोकांना सांगितलं की तुम्हाला लढाऊ नाही असं म्हणून भरतीतून बाहेर काढणाऱ्या सरकारनंच तुमचं शौर्य इथे दगडात कोरून ठेवलंय. कंपनीचा पुरावा कंपनीच्याच वारसांविरुद्ध वापरला. म्हणजे स्तंभाचा अर्थ आपोआप नाही बदलला. मूळ माहीत असणाऱ्या माणसानं तो उघड्या डोळ्यांनी बदलला. रसेलच्या सिंहाचं तसं झालं का? तो कुणी वाचलाच नाही. एका साहेबाच्या घरचं चिन्ह म्हणून आला आणि कुणी विचारलं नाही म्हणून राहिला.

सुभेदार : बडगामले वाचला ना. शाईनं नाई वाचला.

गुरुजी : बोलायला छान आहे, सुभेदारसाहेब, पण पुरेसं नाही. कारण त्या सिंहाच्या खात्यावर दुसऱ्याही नोंदी आहेत. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला रसेल ब्रिगेड लढली ती होळकरांच्या विरुद्ध. १८१९ मध्ये नोव्ह्याचा किल्ला पाडला तो हटकरांच्या नोव्साजी नाईकांचा. उमरखेडहून फार लांब नाही ते. १८५८ मध्ये हैदराबाद कंटिंजंट सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर मध्य भारतात उतरली, समोर झाशीची राणी आणि तात्या टोपे. फक्त बडगाम सांगायचं आणि हे झाकायचं, हा कसला अर्थ?

सुभेदार : झाकलं नाई कोनी. उलट लष्करानं ह्याचा मार्ग तुमच्याआधी काढला. आपल्याच लोकायविरुद्ध इंग्रजांसाठी मिळवलेले जे युद्धसन्मान होते, ते स्वातंत्र्यानंतर बाजूले काढले. पलटणी ते मिरवत नाईत, निशानावर लावत नाईत. त्यात तुमचं महिदपूर गेलं, नोव्हा गेलं.

गुरुजी : आणि कोरेगावही गेलं.

सुभेदार : हो. कोरेगावबी गेलं. ते मले माहीत हाय.

गुरुजी : म्हणजे सन्मान चाळणीतून घातले, बरे-वाईट वेगळे केले. मग बॅजला चाळणी का नको?

सुभेदार : कारन सन्मान म्हंजे हिशेब. कोनती लढाई, कोनासाठी, कोनाविरुद्ध. तो तपासता येते. बॅज हिशेब नाई. बॅज कमावलेला असते. तुमाले २०१९ चा वर्ल्ड कप आठवते? धोनीच्या ग्लोव्हजवर पॅराच्या ‘बलिदान’ बॅजवरच्या खंजिराचं चिन्ह होतं. आयसीसीनं काढाले लावलं. सगळा देश भांडला. पन आमच्या पॅराच्या दोस्तायमधी वेगळीच गोष्ट चालू होती. ते म्हनत, हे चिन्ह दुकानात मिळत नाई, पोट्टे टी-शर्टवर छापून फिरतात ते बंद करा आधी. तो मरून रंग, तो बलिदान बॅज, छातीवर येण्यासाठी जे प्रोबेशन काढाव लागते, त्यात बहुतेक गळून जातात. त्यायच्यासाठी रंगाचा अर्थ म्हंजे ते काढलेले दिवस. मरून रंग पहिल्यांदा कोनी निवडला, विलायतेत का कुठी, कोनाले पडली नाई.

गुरुजी : पॅराचं नाव काढलंत म्हणून सांगतो. तुम्हाला आवडणार नाही, पण ऐका. रसेलनं १८१३ मध्ये स्वतः उभी केलेली जी पहिली पलटण, ती पुढे पहिली कुमाऊँ झाली, आणि तीच आज तिसरी पॅरा, स्पेशल फोर्सेस.

सुभेदार : म्हंजे खुद्द रसेलच्या पलटणीनं रसेलचा सिंह उतरवला?

गुरुजी : उतरवला, आणि मरून टोपी घातली. आणि सिंह मागे राहिला तो आमच्या सलाबतखानाच्या पलटणीकडे, वऱ्हाडच्या पलटणीकडे. रसेलचा ज्यांच्याशी संबंध उशिरा आला, त्यांच्या डोक्यावर.

सुभेदार : (मोठ्यानं हसत) मंग तं तुमीच हरले, गुरुजी! रसेलचे पोट्टे गेले, सिंह राह्यला. म्हंजे तो रसेलचा उरलाच कुठी? ज्यायनं सांभाळला त्यायचा झाला. जसं आडनाव. पाटलानं पाडलेलं का तलाठ्यानं लिहिलेलं, कोन पाह्यते? चार पिढ्या त्या आडनावानं जगल्या का ते आपलं.

गुरुजी : मी हरलो नाही. मी म्हणतो, आडनाव ठेवा, पण ते कुणी पाडलं हे पोरांना सांगा. न सांगता वापरलेलं चिन्ह म्हणजे डोक्यावर ठेवलेलं ओझं. राणीखेतच्या म्युझियममध्ये रसेलचं नाव असेलच. पण ज्या शेतकऱ्यांच्या साऱ्यातून ही फौज पोसली, त्यांचा उल्लेख कुठे आहे? आणि अचलपूरच्या मुलाला तरी कुठे कळतं की देशाचं पहिलं परमवीर चक्र ज्या पलटणीनं मिळवलं, तिचं पाळणाघर आपल्या गावात होतं? तुम्ही सव्वीस-अठ्ठावीस वर्षं वर्दीत काढलीत, तुम्हालाही आज कळलं.

सुभेदार : हे मान्य. शंभर टक्के मान्य. कळलं तवा अंगावर काटा आला, खोटं कायले बोलू? पन काटा आला तो बडगाम ऐकून आला. गंडभेरुंड ऐकून नाई आला.

गुरुजी : बरं. मग पत्राचं काय करू?

सुभेदार : वाचून दाखवा.

(गुरुजींनी खिशातून चारघडी कागद काढला आणि चष्मा लावून वाचला. पहिला परिच्छेद इतिहासाचा. दुसरा सिंह काढून गंडभेरुंड लावण्याच्या मागणीचा. तिसरा, अचलपूरला पलटणीच्या जन्माचा फलक लावण्याच्या विनंतीचा.)

सुभेदार : दुसरा काटा. तो तुमचा अधिकार नाई, माझाबी नाई. पलटणीतल्या पोरायनं उद्या म्हनलं, आमाले हा सिंह नको, तं मी पयले सही करीन. पन मागनी तिकडून आली पाह्यजे. तिसरा ठेवा. अन् मंत्रालयाले नका पाठवू, नगरपरिषदेले द्या. तिथी लवकर होते.

गुरुजी : नगरपरिषदेत लवकर होतं? तुम्ही अकोल्यात राहता ना?

सुभेदार : मंत्रालयापेक्षा लवकर होते म्हनलं. फलक कुठी लावणार?

गुरुजी : परतवाड्याला, जुन्या छावणीच्या भागात. मजकूर मी लिहितो. ‘एलिचपूरच्या नवाब सलाबतखानाने १७८८ मध्ये उभारलेली पलटण…’ इथून सुरुवात, आणि बडगामला शेवट.

सुभेदार : अन् मधलं? महिदपूर, नोव्हा, झाशी?

गुरुजी : तेही लिहायचं. मघाशी तुम्हीच म्हणालात ना, झाकलं नाही कुणी.

सुभेदार : लष्करानं बाजूले काढलं म्हनलो मी. फलकावर लिहा नाई म्हनलो. लग्नाच्या पंगतीत घरची भांडणं सांगत नाईत, गुरुजी. ज्यायच्या डोक्यावर आज तो सिंह हाय, ते सुटीत कधी चिखलदऱ्याले फिराले आले अन् परतवाड्यात थांबले, तं त्यायनं पयले काय वाचाव? का तुमी राणीच्या विरुद्ध लढले?

गुरुजी : ते नाही लढले. त्यांच्या टोपीवरचा सिंह लढला. तेवढं वाचलं तर त्यांना कळेल, आपण कुणाच्या चिन्हाला कुठून कुठवर आणलंय. बडगामची किंमत त्यानं वाढते, कमी होत नाही. आणि खाली एक ओळ वऱ्हाडच्या शेतकऱ्यासाठी, १८५३ ची.

सुभेदार : ती ओळ राहू द्या. ती पाह्यजेच. पयल्या मजकुरावर मात्र आपलं जमनार नाई.

गुरुजी : मग दोन मसुदे करू. एक तुमचा, एक माझा. नगरपरिषदेला दोन्ही देऊ.

सुभेदार : अन् एक प्रत राणीखेतले पाठवू. कुमाऊँच्या सेंटरले. कोनता लावावा ते त्यायले ठरवू द्या. तुमी म्हनलं ना, पलटणीले कोनी विचारत नाई. आपन विचारू.

गुरुजी : आणि त्यांनी तुमचा निवडला तर?

सुभेदार : तं तुमी माझ्या फलकाखाली उभं राहून पोरायले तुमचा मजकूर तोंडी सांगा. ते तं तुमाले कोनी रोखत नाई.

गुरुजींनी पेन काढला आणि तिथेच, दरवाजाच्या दगडावर कागद टेकवून, दुसऱ्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. १७८८ च्या खाली त्यांनी १८५३ लिहिलं, आणि मधल्या नोंदींसाठी चार ओळींची जागा कोरी सोडली. सुभेदारांनी ती जागा पाहिली आणि म्हणाले, तीन पुरे.